विमान डोक्यावर येऊन परत का जातं? चिपीचा पावसाळा आणि निवेदनात नेमकं काय मागावं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तारकर्लीला तुमचं न्याहारी-निवास आहे. जुलैमध्ये मुंबईहून चिपीला, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या विमानतळावर, येणाऱ्या विमानात तुमच्याकडे उतरणारी दोन कुटुंबं होती. विमान आलं, दोनदा घरघर ऐकू आली, तुमच्या अंगणात पावसाचा थेंब नव्हता, तरी ते मुंबईला परत गेलं. पाहुण्यांनी बुकिंगचे पैसे मागितले. तुम्ही विचारलंय की पायलट घाबरतात का, विमानतळात खोट आहे का, चतुर्थीला येणाऱ्यांना काय सांगायचं, आणि ग्रामसभेतर्फे ‘मोठं विमान द्या’ असं निवेदन द्यायचं ठरतंय ते बरोबर आहे का.

‘पाऊस नव्हता तरी परत गेलं’ या तुमच्या वाक्यातच अर्धं उत्तर आहे. उतरण्यासाठी पाऊस थांबलेला असावा लागत नाही. भर पावसातही विमानं उतरतात. बघावे लागतात ते दोन आकडे: ढगाचा तळ धावपट्टीपासून किती उंचीवर आहे, आणि समोर किती लांबचं दिसतंय. प्रत्येक धावपट्टीसाठी, तिथल्या यंत्रणेसाठी आणि विमानाच्या प्रकारासाठी या आकड्यांची किमान मर्यादा ठरवून छापलेली असते. त्या मर्यादेला पोचल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर पायलटने इंजिनाची ताकद वाढवून वर जायचं असतं. त्यात धाडसाचा किंवा भीतीचा प्रश्न येत नाही. तुम्ही दोनदा ऐकलेली घरघर बहुधा तीच: खाली आले, दिसलं नाही, वर गेले, फेरी मारून पुन्हा प्रयत्न केला. त्या दिवशीचं नेमकं कारण मला इथून ठरवता येणार नाही. वारा, यंत्रणेतला बिघाड, इंधन, यातलं काहीही असू शकतं. पण पावसाळ्यात, कोकणात, पाऊस नसताना परत गेलेल्या विमानाचं सर्वात नेहमीचं कारण खाली उतरलेला ढग हेच असतं.

आता तो ढग तुम्हाला का दिसला नाही ते बघू. चिपीची धावपट्टी सड्यावर आहे. तुम्ही कर्लीच्या खाडीच्या उत्तरेला, वाळूवर, समुद्राच्या पातळीला. धावपट्टी खाडीच्या दक्षिणेला, वर जांभ्याच्या पठारावर. समुद्रावरून येणारा ओला वारा सड्याच्या उतारावर चढतो, चढताना थंड होतो आणि तिथेच ढग धरतो. म्हणजे फरक दोन बाजूंनी पडतो. सडा मुळात उंच, म्हणून तोच ढग धावपट्टीला जवळचा. शिवाय सड्यावर तो किनाऱ्यापेक्षा खाली बसतो. तारकर्लीतून वर बघून तुम्ही ‘नुसतं मळभ आहे’ म्हणता, तेव्हा सड्यावर उभ्या माणसाला धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नसतं. सरींचंही तसंच. एका वाडीत सर कोसळते आणि शेजारच्या वाडीत अंगण कोरडं राहतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती सर नेमकी धावपट्टीच्या टोकावर असली तर तुमच्या कोरड्या अंगणाचा वैमानिकाला काही उपयोग नाही.

थोडं गणित करू, कारण निवेदनात काय मागायचं ते याच गणितातून निघतं. विमान उतरताना साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं. म्हणजे धावपट्टीवर चाकं टेकायच्या जागेपासून ६ किलोमीटर लांब असताना ते सुमारे ३०० मीटर, म्हणजे हजार फूट उंचीवर असतं. समजा, त्या धावपट्टीवर छापलेली मर्यादा ५०० फुटांची आहे. ५०० फुटांवर विमान टेकायच्या जागेपासून जवळपास ३ किलोमीटर लांब असतं. तिथून धावपट्टी दिसायची तर ढगाचा तळ ५०० फुटांच्या वर हवा आणि समोरचं ३ किलोमीटरच्या आसपास दिसायला हवं. मर्यादा २०० फुटांची असली तर विमान धावपट्टीच्या उंबरठ्यापासून जेमतेम ९०० मीटरवर येऊन पोचतं, आणि तिथून पुढे धावपट्टीच्या आधीच्या जमिनीवर रोवलेले दिव्यांचे खांब सुरू होत असतील तर इतक्या कमी नजरेतही उतरता येतं. जुलैत सड्यावर ढगाचा तळ कितीतरी दिवस या ५०० आणि २०० फुटांच्या मधे लोंबकळत असतो. पावसाळ्यातल्या बऱ्याचशा परतलेल्या विमानांचा हिशेब या ३०० फुटांत आहे.

ही मर्यादा कशावर ठरते? विमानतळ नुसत्या नजरेच्या नियमांवर चालत असेल, तर साधारणपणे ५ किलोमीटर दृश्यमानता आणि १५०० फुटांवर ढगाचा तळ लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात ही अट कित्येक दिवस पुरी होत नाही. उपकरणांच्या आधारे उतरायची मान्यता असेल तर मर्यादा खाली येते, पण उपकरण कोणतं यावर सगळं अवलंबून आहे. व्हीओआर हे जुनं, भरवशाचं रेडिओ केंद्र फक्त दिशा देतं, उतार देत नाही. म्हणून त्याची मर्यादा साधारण ४०० ते ७०० फुटांच्या घरात राहते. आयएलएस ही धावपट्टीजवळ बसवलेली रेडिओ यंत्रणा दिशा आणि उतार दोन्ही देते, आणि त्याची पहिल्या श्रेणीची मर्यादा २०० फूट उंची आणि ५५० मीटर दृश्यमानता इतकी खाली येऊ शकते. तिसरा मार्ग उपग्रहाचा. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभी केलेली ‘गगन’ ही प्रणाली उपग्रहावरून दिशा आणि उतार दोन्ही देते, मर्यादा २५० फुटांपर्यंत आणता येते, आणि त्यासाठी धावपट्टीजवळ मोठे अँटेना उभारावे लागत नाहीत. राजस्थानातल्या किशनगडला २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचं एटीआर-७२ या पद्धतीने उतरलं. लहान विमानतळ आणि लहान विमान, म्हणजे आपल्याच मापाचं उदाहरण.

सड्यावरच्या धावपट्टीला ‘गगन’ विशेष सोयीचं का, तेही सांगतो. आयएलएसचा उताराचा सिग्नल नेहमीच्या रचनेत समोरच्या सपाट जमिनीवरून परावर्तित होऊन तयार होतो. टेबलटॉप, म्हणजे पठाराच्या माथ्यावरच्या, धावपट्टीपुढची जमीन लगेच घळीत उतरते, त्यामुळे तो सिग्नल नीट बसवायला वेगळी आणि खर्चिक रचना करावी लागते. उपग्रहाला घळ काय आणि सडा काय, सारखंच.

चिपीला आज यातलं काय काय आहे, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. प्राधिकरणाचं वैमानिक माहिती पुस्तक, ईएआयपी, संकेतस्थळावर फुकट बघता येतं. त्यात विमानतळानुसार पानं असतात. चार गोष्टी शोधा: परवानगी नजरेच्या नियमांची की उपकरणांची, उतरण्याच्या छापील पद्धती कोणत्या आणि त्यांच्या मर्यादा किती, धावपट्टीआधीचे दिवे किती मीटर लांबीचे, आणि विमानतळ किती ते किती उघडा. ही शेवटची वेळ जागतिक वेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. गावातला कॉलेजला जाणारा एखादा मुलगा हे अर्ध्या तासात काढून देईल. निवेदन लिहिण्याआधी हा कागद हातात हवाच, कारण जे आधीच मंजूर झालंय ते मागितलं की पुढच्या मागण्याही कुणी वाचत नाही.

‘अजून अर्धा तास थांबले असते तर ऊन पडलं होतं,’ असंही तुम्ही लिहिलंय. ही तक्रार मी समजू शकतो, पण विमान थांबतं ते इंधनावर. निघताना टाकीत प्रवासाचं इंधन, त्यावर थोडं जादा, मग पर्यायी विमानतळापर्यंत जायचं इंधन, आणि सर्वात शेवटी ३० मिनिटांचा राखीव साठा, ज्याला हात लावायचा नसतो. चिपीवर घिरट्या घालताना जादा साठा संपला की वैमानिकाला पर्यायी विमानतळाकडे निघावंच लागतं. ‘पाच मिनिटांत उघडेल असं वाटतंय’ या अंदाजावर राखीव इंधन खर्च करता येत नाही. जास्त इंधन भरून का आणत नाहीत? कधी कधी आणतातही. पण एटीआरसारख्या विमानात वजनाचा हिशेब काटेकोर असतो. भरलेल्या विमानात जादा इंधन घ्यायचं तर सामान किंवा माणसं कमी करावी लागतात, शिवाय ओल्या धावपट्टीवर उतरताना वजन जितकं जास्त तितकं थांबायला अंतर जास्त.

मग शेजारच्या मोपाला का नाही उतरले? जानेवारी २०२३ पासून मोपाचा मनोहर विमानतळ चालू आहे, तुम्हाला रस्त्याने दोन तासांच्या आसपास. दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे समुद्रावरून सरकत आलेला पावसाचा पट्टा चिपी आणि मोपा दोन्हींवर एकाच वेळी बसतो. पर्यायी विमानतळ हवामानाने वेगळा असावा लागतो, म्हणून कधी घाटावरचा बेळगाव धरतात, कधी सरळ मुंबई. दुसरं कारण कंपनीच्या सोयीचं. तेच विमान पुढे दुसऱ्या मार्गावर जाणार असतं, कर्मचाऱ्यांच्या ड्युटीचे तास मोजलेले असतात, आणि मोपाला त्या कंपनीची माणसं, बस, शिडी यांची व्यवस्था असेलच असं नाही. पहिल्या कारणावर आपला इलाज नाही. दुसऱ्यावर आहे, त्याकडे खाली येतो.

आता मोठ्या विमानाची मागणी. माझं स्पष्ट मत आहे की पावसाळ्याची तक्रार सोडवायला ही मागणी करू नका. धावपट्टी २५०० मीटरची आहे, एअरबस ए-३२० सारखं विमान तिथे उतरू शकतं, इथपर्यंत ठीक. पण विमान मोठं म्हणजे उतरतानाचा वेग जास्त. एटीआर-७२ वेगाच्या ‘बी’ गटात येतं, म्हणजे ९१ ते १२० नॉट (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप). ए-३२० ‘सी’ गटात, १२१ ते १४० नॉट. वेग जास्त तितका विचार करायला वेळ कमी, म्हणून एकाच पद्धतीत ‘सी’ गटाला दृश्यमानतेची मर्यादा बऱ्याचदा वरची लावतात. म्हणजे ज्या दिवशी एटीआर उतरलं असतं त्या दिवशी मोठं विमान परत जाण्याची शक्यता उलट वाढते. शिवाय अग्निशमनाची श्रेणी विमानाच्या लांबीवर ठरते. एटीआर-७२ ला पाचवी श्रेणी पुरते: एक बंब आणि साधारण ५,४०० लिटर पाणी. ए-३२० ला सहावी लागते: दोन बंब, ७,९०० लिटर, आणि त्या प्रमाणात प्रशिक्षित माणसं, प्रत्येक पाळीला. आणि ७० ऐवजी १८० खुर्च्या रोज भरायच्या.

खुर्च्यांचा विषय निघालाच आहे तर हेही लक्षात घ्या. चिपी सुरू झाला ९ ऑक्टोबर २०२१ ला, ‘उडान’ या छोटी शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या योजनेखाली. या योजनेत निम्म्या खुर्च्यांचं भाडं मर्यादित ठेवलं जातं आणि कंपनीचा तोटा सरकार भरून देतं, केंद्र ८० टक्के आणि राज्य २० टक्के. पण हे फक्त ३ वर्षं. म्हणजे चिपीच्या पहिल्या मार्गाची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये पुरी झाली. त्यानंतर सेवा टिकते ती तिकिटांवर. आणि कोकणची गर्दी एकतर्फी असते. चतुर्थीच्या आधी मुंबईहून येणारं विमान गच्च आणि परत जाणारं रिकामं, गौरी-गणपती विसर्जनानंतर बरोबर उलट. येताना ७० आणि जाताना १० प्रवासी म्हणजे १४० खुर्च्यांमागे ८०. चतुर्थीत भाडं चढतं त्यामागे लोभ किती ते ज्याचं त्याने ठरवावं, पण त्यात परतीच्या रिकाम्या विमानाचा खर्चही बसलेला असतो. तुमच्या धंद्याला याचा थेट उपयोग आहे: विसर्जनाच्या आधी मुंबईकडे जाणारी आणि विसर्जनानंतर मुंबईहून येणारी तिकिटं तुलनेने स्वस्त मिळण्याचा संभव जास्त. चतुर्थीनंतरच्या आठवड्यात येणाऱ्या पाहुण्यांना खोलीच्या भाड्यात सवलत देऊन तेव्हा बोलवा.

पाहुण्यांना काय सांगायचं याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. जून ते सप्टेंबर या काळात अमुक तास सुरक्षित असं काही मी सांगणार नाही, तसा तास नसतो. परतीच्या पावसात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, गडगडाट बहुतेक दुपारनंतर आणि संध्याकाळी होतो, तेव्हा सकाळचं विमान बरं. डिसेंबर ते फेब्रुवारीत खाडीवर पहाटे धुकं धरतं आणि ऊन चढल्यावर विरतं, त्यामुळे अगदी पहिलं विमान थोडं उशिरा येऊ शकतं, रद्द क्वचितच होतं. मार्च ते मे हवामानाची फारशी अडचण नाही, दुपारी खारे वारे जोर धरतात इतकंच.

पावसाळ्यातल्या बुकिंगला मी असा संदेश लिहून ठेवीन आणि पैसे घ्यायच्या आधी पाठवीन:

‘जून ते सप्टेंबर चिपीचं विमान हवामानामुळे परत जाऊ शकतं. विमानाने येत असाल तर पहिल्या दिवशी स्कूबा, बोट किंवा लग्नासारखा ठरलेला कार्यक्रम ठेवू नका. जातानाही मुंबईहून पुढचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. विमान रद्द झालं तर तुमची खोली एक दिवस पुढे सरकवू, पैसे कापणार नाही. मोपाला किंवा कुडाळ स्टेशनला उतरलात तर गाडी पाठवू, भाडं इतकं इतकं.’

शेवटच्या वाक्यातलं भाडं आधीच लिहिणं महत्त्वाचं आहे. अडकलेल्या माणसाला त्या क्षणी भाव सांगितला की तो लुबाडल्यासारखा वाटतो, कितीही वाजवी असला तरी. ज्यांचं काम अडून चालणार नाही, लग्न, परीक्षा, ऑपरेशन, त्यांना पावसाळ्यात सरळ रेल्वे सुचवा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात आणि वंदे भारत कमी दिवस धावते, तेवढं तपासायला सांगा. वंदे भारतने येणाऱ्यांची गाडी कुडाळला न पाठवता कणकवलीला पाठवावी लागते.

पाहुण्यांच्या हक्कांबद्दल थोडक्यात. हवामानामुळे विमान रद्द झालं तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही, पण तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा दुसरं विमान, यातलं एक द्यावंच लागतं. निवड प्रवाशाची. कंपनीने आग्रहाने पुढे केलेली क्रेडिटची चिठ्ठी नको असेल तर नाही म्हणता येतं. चिपीसारख्या छोट्या मार्गावर २ तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर विमानतळावर थांबलेल्यांना खाणं-पिणं द्यायचं असतं. कारण हवामानाचं नसून कंपनीचं असेल, आणि आधी वेळेवर कळवलं नसेल, तर तासाभराच्या आतल्या उड्डाणाला ५,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. तासाभरापेक्षा लांब आणि दोन तासांपर्यंतच्या उड्डाणाला ही रक्कम ७,५०० पर्यंत जाते. म्हणून रद्द झाल्याचं कारण लेखी मागून घ्यायला सांगा. मेसेज चालतो. तक्रार आधी कंपनीकडे, तिथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ अ‍ॅपवर, तिकिटाचा क्रमांक आणि तो मेसेज जोडून.

आता निवेदन. इतका वेळ सांगितलं त्यातून मागण्या आपोआप निघतात, पण प्रत्येक मागणीचं दार वेगळं आहे. एकच कागद पालकमंत्र्यांपासून सगळ्यांना पाठवला की तो ‘योग्य कार्यवाहीसाठी’ फिरत राहतो. जमीन आणि विमानतळ औद्योगिक विकास महामंडळाशी संबंधित, रोजचा कारभार विमानतळ चालवणाऱ्या संस्थेकडे, रेडिओ यंत्रणा आणि हवाई वाहतूक नियंत्रण प्राधिकरणाकडे, हवामानाची निरीक्षणं हवामान खात्याकडे, परवाना आणि मान्यता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, आणि विमान, वेळ, बस हे सगळं कंपनीकडे.

माझ्या मते सर्वात पहिली मागणी कंपनीकडे करा, कारण तिला ना जमीन लागते ना मंजुरी: पावसाळ्यात विमान मोपाला वळवणं शक्य असेल त्या दिवशी तिथे उतरवा आणि तिथून कुडाळ-मालवणपर्यंत बस द्या. तुमच्या भागातल्या बस-टेम्पोवाल्यांची दर आणि फोनसह यादी करून निवेदनाला जोडा. ‘बस मिळत नाही’ हे उत्तर मग उरत नाही. दुसरी मागणी वेळेची. मुंबईत एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात तिथलाच उशीर पुढे सरकत येतो. दुपारचं विमान संध्याकाळी निघायच्या तयारीत असतं आणि तोवर लहान विमानतळाची उघडी वेळ संपते. हवामान साफ असूनही विमान रद्द होतं ते यामुळे. जून ते सप्टेंबर विमानतळाची वेळ दोन तास वाढवून मागा, तीही गरज पडेल त्या दिवशीच, म्हणजे जादा पाळीचा खर्च अंगावर येत नाही.

तिसरी मागणी उतरण्याच्या मर्यादेची, आणि ती नुसती ‘आयएलएस द्या’ अशी लिहू नका. ‘धावपट्टीच्या दोन्ही टोकांना ‘गगन’वर आधारित उतरण्याची पद्धत प्रसिद्ध करावी, आणि सध्याची मर्यादा किती फूट आहे, ती किती खाली येऊ शकते, हे कळवावं’ असं लिहा. आकडा मागितला की उत्तरात आकडा द्यावा लागतो. त्याच्याच जोडीला धावपट्टीआधीचे दिवे. साधी रांग ४२० मीटरची असते, पहिल्या श्रेणीची ९०० मीटरची. मर्यादा २५० फुटांवर आणली आणि दिवे अपुरे असले तर दृश्यमानतेची अट फारशी खाली येत नाही, अर्धा फायदा वाया जातो.

आणि इथे गावाचा थेट संबंध येतो. सडा संपला की पुढे उतार, तिथे कुणाची काजूची बाग, कुणाची कलमं. दिव्यांचे खांब तिथेच उभे राहणार. पूर्ण बाग घेतली जात नाही, खांबाची जागा, तिथवर जायची पायवाट आणि केबलचा चर लागतो. पण सातबारावर दहा-दहा नावं असली की दोन खांबांसाठी प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून राहतो. ग्रामसभेने निवेदनासोबत संबंधित खातेदारांची यादी आणि मोबदल्याबाबत त्यांचं म्हणणं जोडलं, तर ते काम कुठल्याही भाषणापेक्षा पुढे जाईल. मोबदला योग्य मागा, त्यात मागे हटायचं कारण नाही.

झाडांचंही तेच. उपकरणांच्या मोठ्या धावपट्टीसमोर एक काल्पनिक उतार धरलेला असतो. धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटरवर तो सुरू होतो आणि दर ५० मीटरला १ मीटर चढतो. म्हणजे तिथून एक किलोमीटरवर त्याची उंची धावपट्टीच्या पातळीपासून २० मीटर. पुरा वाढलेला माड २० ते २५ मीटरचा. माड घळीत असेल तर अडचण नाही, बुंधाच खाली असतो. तोच माड सड्याच्या पातळीला असेल तर शेंडा त्या उतारात घुसतो, आणि एका शेंड्यामुळे त्या टोकाची मर्यादा वर सरकू शकते. नवीन लागवड करताना त्या पट्ट्यात काजू लावा, माड घळीत ठेवा. घर वाढवायचं किंवा मोबाइल टॉवरला जागा द्यायची तर आधी प्राधिकरणाच्या उंचीच्या ना-हरकत परवानगीचा रंगीत नकाशा बघा. २०१५ च्या नियमांनुसार तो बंधनकारक आहे.

शेवटचं पक्ष्यांचं. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा, मांसाचे किंवा मासळीचे टाकाऊ भाग टाकायला कायद्याने बंदी आहे. कोंबडीच्या दुकानाची पिसं आणि आतडी रात्री सड्याच्या कडेला टाकली की सकाळी घारी घिरट्या घालतात, त्याही नेमक्या उतरणाऱ्या विमानाच्या उंचीवर. घार इंजिनात गेली की ते विमान तपासणीसाठी जागेवर थांबतं, परतीचं रद्द होतं, आणि चिपीला लगेच दुसरं विमान मिळत नाही. सुकत घातलेली मासळी जाळीखाली झाकली तरी बराच फरक पडतो. कचऱ्यासाठी विमानतळ परिसर पर्यावरण समिती असते, जिल्हा प्रशासनाचे अधिकारी तिच्यात बसतात. आसपासच्या ग्रामपंचायतींनी तिथे आपला माणूस पाठवावा. पाहुण्यांना ड्रोन उडवायची हौस असते, त्यांनाही सांगा की विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटर लाल क्षेत्र आहे, भोगवे-परुळ्याकडे जाताना तो खोक्यातच राहू दे.

निवेदनाला सह्यांपेक्षा नोंदवही जोडा. तुमच्याकडच्या आणि शेजारच्या दहा-पंधरा न्याहारी-निवासांनी तीन महिने फक्त चार रकाने भरावेत: पाहुणे कुठल्या शहरातून आले, कोणत्या वारी आले, कोणत्या वारी गेले, विमानाने की रेल्वेने की गाडीने. कोणत्या दिवशी कुठून विमान भरेल हे कंपनीला यातूनच दिसतं, आणि हा आकडा सध्या कुणाकडेच तयार नसतो. ईएआयपीचं पान काढलंत की त्यातल्या मर्यादा इथे टाका, जुलैमधली ती तारीख आणि वेळही टाका. त्या वेळचा ढगाचा तळ आणि दृश्यमानता हवामानाच्या अहवालात सापडली तर तुमचं विमान नेमकं कितीने हुकलं ते सांगता येईल.